हृदय थांबले तर… आधी विचारून ठेवा

तुळजापूरकडील एका मुलाचा मला रात्री सोलापूरहून फोन आला. वडिलांचा कर्करोग यकृतात, फुप्फुसांत पसरलेला. "डॉक्टरसाहेब, हृदय थांबलं तर छाती दाबायची का, विचारतात. नको म्हटलं तर भावकी काय म्हणेल?"

वाचकहो, छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबावी लागते. बरगड्या मोडू शकतात. धडधाकट माणूस अचानक कोसळला तर हे लगेच करायलाच हवे. पण रोग शेवटच्या टप्प्यात असेल, तर हृदय पुन्हा क्वचितच चालते. तिथे 'दाबू नका' म्हणजे उपचार बंद नव्हेत. वेदनाशामक औषधे, शुश्रूषा चालूच राहते.

मी म्हटले, "आबा शुद्धीवर आहेत ना? मग त्यांनाच विचार." हे कुणाला सुचलेच नव्हते!

केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची इच्छा कुणाला विचारताच आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा उपचारांविषयीच्या आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येते. एक प्रत आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेही द्यावी.