खाऱ्या पाण्यातील माशांचा व प्रवाळांचा आहार

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीपासून थोड्या अंतरावर खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी आहे. शाळेतील प्रत्येक मुलाने मधल्या सुटीत तिच्या काचेला नाक लावून पाहिलेले आहे, त्यामुळे तिचे वर्णन करीत बसण्याचे कारण नाही. ती आमच्याकडे कशी आली हे मात्र सांगावयास हवे. कारण आम्ही शिकवतो मराठी आणि इतिहास, व आमची पदवीही कलाशाखेची. विज्ञानाचे सर बदलून गेले, आणि 'तुम्ही किनाऱ्यावरचे, तुम्हांला मासळीतले कळते' एवढ्या एकाच आधारावर मुख्याध्यापकांनी ती टाकी आमच्या हवाली केली. मासळी ताटात कशी असावी हे आम्हांला चांगले कळत होते. ताटात येण्यापूर्वी ती स्वतः काय जेवते, याचा विचार मात्र आम्ही कधी केला नव्हता.

टाकीत तेव्हा सहा मासे होते. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत सापडणारे, अंगावर काळे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक असलेले हे छोटे मासे किनाऱ्यावरील मुलांच्या ओळखीचेच आहेत. त्यांच्यासाठी दुकानातून आणलेल्या कोरड्या गोळ्यांचा एक मोठा डबा कपाटात होता. सकाळी एक चिमूट, सायंकाळी एक चिमूट, असा क्रम वर्षभर चालला. मासे हावरेपणाने खात, आणि ज्या अर्थी खातात त्या अर्थी ते सुखी आहेत, अशी आमची समजूत होती. प्रथम त्यांच्या पाठीवरचा पिवळा रंग उतरला. आम्ही म्हटले, वयोमान असेल. मग दोघांची पोटे खपाटीला गेली. पुढे एकाची पाठ धनुष्यासारखी वाकली. तो तिरपा तिरपा पोहत वर येई, गोळ्या गिळी आणि पुन्हा दगडाआड जाई. शाळेचे स्नेहसंमेलन ज्या आठवड्यात झाले त्याच आठवड्यात तो मेला. आदल्या सायंकाळीही तो पोटभर जेवला होता, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली. जेवत असलेला प्राणी उपाशी मरतो कसा?

त्यानंतर आम्ही वाचावयास बसलो. माशाची पाठ वाकण्याची कारणे एकाहून अधिक असतात. पण त्यांतले एक प्रमुख कारण 'क' जीवनसत्त्वाची उणीव हे आहे. माणसाप्रमाणेच बहुतेक माशांनाही हे जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करता येत नाही. ते अन्नातूनच यावे लागते. हवा, उष्णता आणि दमट वातावरण यांनी ते लवकर नाहीसे होते. आमचा डबा तर उघडल्याला वर्ष लोटले होते, आणि त्यात एक पावसाळाही गेला होता. गोळ्यांचा वास तोच, आकार तोच. आतले सत्त्व मात्र उडून गेलेले. पिवळ्या रंगाचेही तसेच. लाल, नारिंगी व पिवळी रंगद्रव्ये पुष्कळ मासे अन्नातूनच मिळवतात. कोळंबी शिजली म्हणजे लाल होते हे प्रत्येक घरी पाहिलेले असते. तो लाल रंग कोळंबीनेही शैवल व प्लवक यांच्याकडूनच घेतलेला असतो, आणि कोळंबी खाणाऱ्या माशाकडे तो पुढे जातो.

समुद्रात मासा दिवसभर काय काय खातो, याची यादी कोणी केली तर लग्नाच्या पंगतीतले पानही तिच्यापुढे फिके पडेल. आमचे पट्टेवाले मासे खडकावरचे शेवाळ खुडतात, लाटेबरोबर आलेले प्लवक टिपतात, लहान खेकड्यांची पिल्ले, किडे, अंडी, जे तोंडात मावेल ते घेतात. सर्वच जातींचे तोंड मात्र असे उदार नसते. शेपटीजवळ शस्त्रवैद्याच्या चाकूसारखा काटा असल्यामुळे ज्याला सर्जनफिश म्हणतात, तो मुख्यतः शेवाळावर जगतो. त्याचे आतडे लांब असते आणि गुराप्रमाणे तो दिवसभर चरत राहतो. त्याला दिवसातून एकदा मांसाचे चार तुकडे टाकले तर ते त्याला मानवत नाहीत. समुद्रघोड्याला पोटाची पिशवीच नसते. खाल्लेले अन्न झपाट्याने पुढे सरकते, म्हणून त्याला थोडे थोडे वारंवार हवे असते. फुलपाखरू माशांच्या काही जाती तर जिवंत प्रवाळाखेरीज दुसऱ्या कशालाही तोंड लावीत नाहीत. असा मासा टाकीत आणणे म्हणजे त्याला उपाशी मारण्यासाठीच आणणे होय. दुकानात तो कितीही सुंदर दिसो, त्याला विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे जेवणाच्या पानाला डावी बाजू असते आणि उजवी बाजू असते. नुसत्या भातावर कोणी पाहुण्याला उठवीत नाही. टाकीतल्या माशांचे पानही तसेच वाढावे असे आम्ही ठरवले, आणि त्यासाठी आमच्या स्वयंपाकघरासारखी दुसरी जागा नव्हती. बाजारातून आलेल्या कोळंबीतली (घरी आम्ही तिला सुंगटे म्हणतो) दोन, एखाद-दुसरी तिसरी, माकुलाचा एक तुकडा, असे मीठमसाला लागण्यापूर्वीच बाजूला काढून बारीक चिरावयाचे. पावसाळा संपल्यावर खडकांवर पातळ हिरव्या पानासारखे जे शेवाळ वाढते ते धुऊन, दोऱ्याने दगडाला बांधून टाकीत सोडावयाचे. गालमो, म्हणजे सुकवलेला जवळा, खारवलेला असेल तर गोड्या पाण्यात भिजवून मगच द्यावयाचा. कोरड्या गोळ्याही आम्ही टाकून दिल्या नाहीत. मात्र आता लहान डबा आणतो, त्यावर उघडल्याची तारीख लिहितो आणि तो थंड जागी ठेवतो.

येथे एक सावधगिरी सांगावयास हवी. ताजी मासळी चांगली म्हणून रोज एकच कच्ची मासळी देत राहणे हेही धोक्याचे आहे. काही जातींच्या कच्च्या मासळीत व शिंपल्यांत 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश करणारे एक द्रव्य असते. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पाळीव कोल्ह्यांना कच्चे मासे खाऊ घालताना त्यांना एक विचित्र पक्षाघात होऊ लागला, तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. कोल्ह्यांना जे झाले तेच एकाच कच्च्या मासळीवर ठेवलेल्या शिकारी माशांनाही होऊ शकते. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून काढल्यास या द्रव्याचा जोर कमी होतो, नीट शिजवल्यास ते नष्ट होते. पण खरा उपाय अन्न बदलत राहणे हाच.

मुलांना सर्वांत आवडले ते आर्टेमियाचे प्रकरण. हा मिठागरांतल्या अतिखाऱ्या पाण्यात राहणारा, कोळंबीच्या गोत्रातला इवलासा प्राणी. मुंबईजवळच्या वडाळ्याच्या मिठागरांतही तो आढळलेला आहे. त्याची अंडी सुकलेल्या तपकिरी भुकटीसारखी दिसतात आणि कोरडी राहिल्यास वर्षानुवर्षे टिकतात. खाऱ्या पाण्यात टाकून हवा सोडत राहिले की सुमारे एका दिवसात त्यांतून नारिंगी पिल्ले बाहेर पडतात. नववीच्या मुलांनी उलट्या बाटलीत हा प्रयोग केला तेव्हा वर्गाबाहेर रांग लागली होती. परंतु हे पिल्लूही जन्मतःच पूर्णान्न नसते. अंड्यातून आणलेली शिदोरी ते काही तासांत संपवते, आणि मग ते पोकळ पेढ्यासारखे होते: दिसावयास गोड, आत काही नाही. म्हणून ते एकतर ताजे ताजे द्यावे, नाहीतर त्याला आधी सूक्ष्म शैवल खाऊ घालून मग द्यावे. समुद्रातील माशांना जी विशिष्ट मेदाम्ले लागतात ती त्यांतल्या बहुतेकांना स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत. समुद्रात ती प्लवकांतून आयती मिळत असल्यामुळे बनवण्याची गरजच पडत नाही. टाकीत तो पुरवठा आपण केला तरच होतो.

इतके शिकल्यावर आम्हांला थोडा गर्व झाला, आणि त्याचे फळ लगेच मिळाले. चवथीच्या सुटीत शाळा बंद राहणार, मासे उपाशी राहतील, या काळजीने आम्ही निघताना तिप्पट अन्न टाकून गेलो. पाचव्या दिवशी येऊन पाहतो तो पाणी ताकासारखे पांढरे, खोलीभर दुर्गंधी आणि दोन मासे तळाशी मेलेले. उरलेले अन्न कुजले की त्यातून अमोनिया सुटतो, आणि तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. माशांच्या शरीरातूनही अमोनिया सतत बाहेर पडतच असतो. समुद्रात तो वाहून जातो, टाकीत त्याचा निचरा करणारे सूक्ष्म जंतू एका मर्यादेपर्यंतच काम करू शकतात. पाणी तत्काळ बदलावे तर भर पावसाळ्यात नद्यांच्या पुराने किनाऱ्याचे पाणी गढूळ व अळणी झालेले. एरवी लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी त्या दिवसांत किनाऱ्यावर मिळत नाही. साठवणीच्या दोन कॅनांवर उरलेल्या तिघांचे प्राण वाचले. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस सहज उपाशी राहू शकतो, हे आम्हांला तेव्हा ठाऊक असते तर दोन जीव गेले नसते. आता दोन मिनिटांत फस्त होईल तेवढेच अन्न एका वेळी द्यावयाचे, असा नियम आहे.

मालवणच्या सहलीहून आल्यावर मुलांनी विचारले, 'सर, आपल्या टाकीत पोवळी का नाहीत?' पहिले उत्तर कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी प्रवाळांचा समावेश आहे. त्यांचा तुकडा काढणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. समुद्रघोड्यालाही हेच संरक्षण आहे. परंतु प्रवाळ खातो काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, आणि शास्त्रज्ञांनाही तो पुष्कळ वर्षे सुटला नव्हता.

प्रवाळ हा प्राणी आहे. पण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात. मग तो प्राण्यासारखा खातो की वनस्पतीसारखा उन्हावर जगतो? १९२८-२९ साली मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली एक इंग्रज तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षभर राहिली. तिने काही प्रवाळ अंधारात ठेवले पण त्यांना अन्न मिळू दिले, तर काही उजेडात ठेवून उपाशी ठेवले. अंधारातल्यांची शैवले गेली, तरी प्रवाळ जगले. उजेडातले उपाशी प्रवाळ खंगत गेले. प्रवाळ पक्का मांसाहारी आहे, असा निष्कर्ष यंग यांनी काढला. पुढे १९६९ साली मस्कटाइन आणि सेर्निकियारी या संशोधकांनी किरणोत्सर्गी कार्बनाचा माग काढून दाखवले की शैवलांनी उन्हात तयार केलेले अन्न प्रवाळाच्या शरीरात जाते. आता असे मानले जाते की उथळ, स्वच्छ पाण्यातील प्रवाळांची बहुतेक शक्ती शैवलांकडून येते. पण शरीर वाढवण्यास लागणारा नायट्रोजन व फॉस्फरस यांच्यासाठी त्यांना शिकार करावीच लागते. रात्री प्राणिप्लवक वर येतात, तेव्हा प्रवाळांची शुंडके उमलतात आणि त्यांवरील दंशकोशिका त्या जिवांना पकडतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर शीत उन्हातून येते आणि हुमण रात्रीच्या शिकारीतून. म्हणून मोठ्या मत्स्यालयांत प्रवाळांना दिव्यांबरोबर आर्टेमियाची पिल्ले व इतर बारीक अन्नही देतात. सूर्यप्रवाळासारख्या जातींत तर शैवल मुळीच नसते. त्यांच्या एकेका तोंडाला नळीने घास भरवावा लागतो.

पाणी फार तापले की शैवले प्रवाळाला सोडून जातात आणि तो पांढरा पडतो. २००६ साली हवाई बेटांवरील तीन जातींच्या अभ्यासात आढळले की त्यांतल्या एका जातीने पांढरे पडल्यावर शिकार वाढवली आणि आपली सगळी गरज त्या अन्नावर भागवली. बाकीच्या दोघींना ते साधले नाही.

आमच्या टाकीत आता पाच मासे आहेत. तीन जुने, दोन नवे. पाठीवरचा पिवळा रंग परत आला आहे. भिंतीवर मुलांनी वारांचा तक्ता लावला आहे: मंगळवारी कोळंबी, बुधवारी शेवाळ व गोळ्या, गुरुवारी आर्टेमिया, शुक्रवारी तिसऱ्या, शनिवारी माकूल, आणि रविवारी पूर्ण उपवास. सोमवारी आमच्या घरी मासळी शिजत नाही, तेव्हा त्या दिवशी टाकीचेही शेवाळावरच भागते. या सुटीत टाकी पाहावयास दहावीतील दोघे आळीपाळीने येणार आहेत. किती घालावयाचे ते आम्ही एकेका पुडीत बांधून ठेवले आहे.