वाचकांचे प्रश्न : गॅरेजच्या जागी घर काढता येईल का?

प्रश्न : सॅन होजेत आमची १९६०च्या दशकातली आठ घरांची इमारत आहे, सगळी भाड्याने दिलेली. तळमजल्यावर आठ गॅरेज आहेत. त्यातल्या चारांत गाडी नसतेच, अडगळ असते. तिथे दोन घरं काढावीत असं आम्हा दोघांना वाटतं. शेजारी म्हणतात, रस्त्यावर गाड्या वाढतील, आम्ही हरकत घेऊ. पुण्यातला भाऊ म्हणतो, पार्किंगमध्ये खोल्या काढल्या की पालिकेची नोटीस येणारच. काय करावं?
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : जरूर काढा. कायदा तुमच्या बाजूने आहे.

कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्याप्रमाणे अशा इमारतीतल्या, कुणी राहत नसलेल्या भागाचं घर करता येतं : गॅरेज, तळघर, सामानाची खोली, बॉयलरची खोली. किमान एक घर, आणि जास्तीत जास्त सध्याच्या घरांच्या २५ टक्के. म्हणजे तुम्हाला दोन. गेलेल्या गॅरेजच्या बदल्यात दुसरीकडे पार्किंग द्या, अशी अट शहराला घालता येत नाही. पूर्ण अर्ज मिळाल्यावर ६० दिवसांत, केवळ नियम तपासून, निर्णय द्यावा लागतो. जाहीर सुनावणी नसते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या हरकतीने परवाना अडत नाही.

तरी शेजाऱ्यांशी बोला. त्यांची काळजी खोटी नाही. पण ज्या शहरात काम करणारी माणसं घर परवडत नाही म्हणून दूरच्या ट्रेसी, स्टॉकटनहून रोज ये-जा करतात, तिथे अडगळीला छप्पर आणि माणसाला नाही, हे मला पटत नाही. सॅन होजेनेही डिसेंबर २०२२मध्ये नव्या बांधकामांवरची किमान पार्किंगची सक्ती काढून टाकली.

खरी जबाबदारी आहे ती सध्याच्या भाडेकरूंबद्दलची. ७ सप्टेंबर १९७९पूर्वीच्या, तीन किंवा अधिक घरांच्या इमारतींना शहराचा भाडे नियंत्रण नियम लागू आहे. भाडेवाढ वर्षाला ५ टक्क्यांपर्यंतच. गॅरेज भाडेकरारात असेल तर ते भाड्यात मोजलेली सोय आहे. ते काढून घेऊन भाडं तेवढंच ठेवलंत, तर भाडेकरू शहराकडे दाद मागू शकतो. म्हणून गाडी नसलेली चारच गॅरेज निवडा, त्या भाडेकरूंशी आधी बोला, भाडं कमी करा आणि सगळं लेखी ठेवा. कुणाला घराबाहेर काढून हे काम करू नका.

दुसरी गोष्ट भूकंपाची. खाली गॅरेजची मोठी उघडी तोंडं आणि वर घरं, अशा जुन्या लाकडी इमारतींचा तळमजला कमकुवत असतो. १७ जानेवारी १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात अशाच एका संकुलाचा तळमजला चेपला आणि १६ माणसं गेली. सॅन फ्रान्सिस्कोने २०१३मध्ये अशा इमारतींचं मजबुतीकरण सक्तीचं केलं. तुम्ही भिंती उघडणारच आहात, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तळमजला त्याच वेळी मजबूत करून घ्या. माझ्या मते या कामाचा सर्वांत मोठा फायदा हाच; वरच्या आठ कुटुंबांनाही तो मिळेल. छताची उंची, खिडक्या, आगीपासून संरक्षण हे राहत्या घराच्या नियमांप्रमाणेच हवं. ही नवी घरं ३० दिवसांहून जास्त मुदतीनेच भाड्याने देता येतील.

भाऊ पुण्यापुरता बरोबर आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा, सामाईक ठरवली. बिल्डरलाही ती वेगळी विकता येत नाही, असं त्या निकालात म्हटलं. मंजूर नकाशात पार्किंग दाखवलेल्या जागी परवानगीविना खोल्या काढल्या, तर ते अनधिकृत बांधकामच. तुमच्या परवान्याची प्रत दाखवून तिथे कुणी भिंती उभारू नयेत.

अर्जाआधी भाडेकरार, मूळ नकाशा आणि इंजिनिअरचा अहवाल, हे तीन कागद जमवा. भाडेकरूंची लेखी संमती हाती आल्याशिवाय कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.