गिऱ्हा आणि झोटिंग : किनाऱ्यावरील भुतांची जात

कोकणातील लोकसमजुतीप्रमाणे मृताचे कोणते भूत व्हावे, हे मरणाच्या रीतीवर आणि पुष्कळदा त्याच्या जातीवर ठरते. मुंज होऊन लग्नाआधी वारलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. गिऱ्ह्याचे बळ पाण्यापुरतेच. रात्री तो वाटसरूला नावाने हाक मारतो आणि भलत्या वाटेने पाण्याकडे नेतो. भरती-ओहोटीच्या खाड्या ओलांडणाऱ्या अलिबाग-मुरुडकडील माणसाला ही भीती अगदी व्यवहारातली होती.

झोटिंगाचे तसे नाही. आर. ई. एन्थोवेन यांच्या १९१५ च्या कोकणविषयक लोकसाहित्य-संग्रहात झोटिंग हे खारवी किंवा कोळी मृताचे भूत म्हणून नोंदले आहे. (रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता.) संग्रहातील बरीचशी माहिती शाळामास्तरांनी पुरवलेली आहे. म्हणून अशी नोंद वाचताना विचारावे : हे कोळ्यांनी सांगितले, की कोळ्यांविषयी इतरांनी? आपण कोळीवाड्यातील असाल, तर घरातील वडीलधाऱ्यांना झोटिंगाविषयी विचारा, त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा आणि मगच या नोंदीशी ताडून पाहा.