काळा डाग

मराठीत आपण 'दाताला कीड लागली' असे म्हणतो. उर्दूतही 'दांत में कीड़ा लग गया' असेच म्हणतात. पण किडलेला दात कितीही निरखून पाहिला, तरी त्यात किडा सापडत नाही. मग दात पोखरतो कोण?

आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. आपण गोळी किंवा बिस्कीट खाल्ले, की दातांना चिकटलेल्या साखरेपासून हे जंतू आम्ल तयार करतात. त्या आम्लात दाताच्या कठीण आवरणातील कॅल्शियम विरघळू लागते. लाळ ही झीज भरून काढते. पण त्यासाठी तिला वेळ मिळायला हवा. सारखे गोड चघळणाऱ्याच्या दातांना तो वेळ मिळतच नाही. म्हणून जेवणाबरोबर खाल्लेल्या एका जिलेबीपेक्षा दिवसभर चघळलेल्या गोळ्या अधिक वाईट.

दातात खड्डा पडला, की तो कोरून चांदी किंवा सिमेंट भरतात. पण यंत्राचा आवाज ऐकूनच मुले रडू लागतात. शिवाय खर्च येतो, आईवडिलांची मजुरी बुडते. म्हणून कित्येक मुले ठणकणारी दाढ घेऊनच वर्गात बसतात. अशा वेळी गणिताकडे लक्ष कसे लागणार?

या मुलांच्या उपयोगी पडेल असे एक औषध आहे. त्याचे नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. त्यातील चांदी जंतूंना मारते आणि फ्लोराइड दाताला बळकटी देते. जपानमध्ये ते १९७०च्या सुमारास वापरात आले. पुढे अमेरिकेतील न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूयॉर्क शहरातील प्राथमिक शाळांत त्याची मोठी चाचणी घेतली. काही शाळांतील मुलांच्या दाढांच्या खाचा नेहमीच्या पद्धतीने लेप देऊन बंद केल्या. इतर शाळांत लहानशा ब्रशने हे औषध लावले. सुई नाही, यंत्र नाही! चार वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाने लेपाइतकेच दातांचे रक्षण केले होते. मला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. शिकवून तयार केलेल्या परिचारिकांनी लावलेले औषधही तितकेच उपयोगी ठरले. दातांचे डॉक्टर सगळीकडे नसतात. परिचारिका शाळेत येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच या औषधाचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला आहे.

या औषधात एक उणीव आहे. किडलेला भाग काळा पडतो आणि तो डाग घासून जात नाही. पुढच्या दातांवर असा डाग पालकांना नकोसा वाटतो. दाढेत मात्र तो सहसा दिसत नाही आणि दुधाचा दात तर पुढे पडणारच असतो. शिवाय हे औषध कीड थांबवते, पडलेला खड्डा भरत नाही.

फ्लोराइडचे प्रमाणही सांभाळावे लागते. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत जमिनीखालच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. असे पाणी लहानपणापासून पिणाऱ्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. म्हणून हे औषध थेंबाथेंबाने आणि जाणकाराच्या हातूनच लावतात.