सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

ताईंनो, गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: गाव महापालिकेत गेलं म्हणजे आपलं नेमकं काय झालं? घरपट्टीचं बिल बदललं, ग्रामसभा बंद झाली, हे सगळ्यांनाच दिसतं. पण उद्या रस्त्यासाठी नाहीतर रेल्वेसाठी वाडी गेली, तर घरातल्या बाईच्या हातात काय पडणार, हे कुणी फारसं बोलत नाही. आजचा पाठ त्यावरच आहे.

आधी थोडी मागची गोष्ट. 3 जुलै 2009 ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि 53 गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. बऱ्याच गावांनी विरोध केला. 2011 साली शासनाने 29 गावं वगळायचं ठरवलं, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि 2024 मध्ये तो निर्णय रद्द करून गावं महापालिकेतच ठेवायचं ठरलं. वटार, निर्मळ, वाघोली, भुईगाव ही त्यातलीच. इतकी वर्षं ना धड गाव, ना धड शहर! याच काळात तालुक्यात बुलेट ट्रेन आणि विरार-अलिबाग मार्गिकेसाठी जमिनीच्या मोजण्या सुरू झाल्या.

आता पैशाचं गणित. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या बाजारभावाला एका आकड्याने गुणतात, त्याला गुणांक म्हणतात. शहरात तो 1 असतो, ग्रामीण भागात 1 ते 2. त्यावर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून मिळते. समजा जमिनीचा बाजारभाव 10 लाख आहे. शहराचा गुणांक धरला तर 20 लाख होतात, ग्रामीण गुणांक 2 धरला तर 40 लाख. जमीन तीच, माती तीच! म्हणून आपल्या प्रकल्पाला कोणता गुणांक लावला हे भूसंपादन अधिकाऱ्यांना लेखी विचारायचं. तोंडी उत्तरावर परत यायचं नाही.

भरपाई नुसत्या जमिनीची नसते. विहीर, घर, नारळ, चिकू, सोनचाफा या सगळ्याची किंमत त्यात धरायची असते. मोजणीला पुरुष मंडळी जातात, पण कुठलं झाड कधी लावलं हे तुम्हालाच ठाऊक असतं. म्हणून मोजणीच्या दिवशी तुम्ही वाडीत हजर राहा. पंचनाम्यात झाडं मोजून लिहिली का, ते वाचून मगच सही करा.

आणि आता मुख्य मुद्दा. पैसे कुणाला द्यायचे हे ठरवताना अधिकारी आधी सातबारा बघतात. त्यावर वारलेल्या सासऱ्यांचंच नाव असेल, किंवा फक्त दिरांची नावं चढली असतील, तर नोटीस तुमच्यापर्यंत येणारच नाही. हिंदू कुटुंबात विधवेला मुलांइतकाच वाटा आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश, बाकीचं मुलगे-मुली सगळ्यांना सारखं. आदिवासी पाड्यांवर वनहक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असायला हवा, तो काढून बघा. नवरा हयात असेल तर 1992 पासूनची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. त्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं.

भूसंपादनाची खबर लागली की माहेरून फोन येतो, “ये, एक सही पाहिजे.” तो कागद बहुतेक वेळा हक्कसोडपत्र असतो. भावाशी वाईटपणा नको म्हणून बायका सही करतात. करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी कोण सांगणार? पण कागद घरी आणून, वाचून, कुणा जाणत्याला दाखवून मग ठरवा. नोंदणी झाली की तो फिरवणं फार अवघड जातं.

ज्यांच्या नावावर गुंठाही नाही त्यांनी हा पाठ सोडू नका. जमीन जाण्याआधीची तीन वर्षं जे त्या जमिनीवर कूळ किंवा मजूर म्हणून राबले आणि ज्यांचं पोट प्रामुख्याने तिच्यावर आहे, तेही या कायद्यात बाधित कुटुंब आहेत. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई ही स्वतंत्र कुटुंब धरली जाते, दिराच्या किंवा भावाच्या कुटुंबात तिला मोजायचं नसतं. मात्र जमीन सक्तीच्या संपादनाऐवजी थेट खरेदीने घेत असतील, तर पुनर्वसनाचं काय, हे सहीच्या आधीच विचारा.

प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकतीला 60 दिवस असतात. त्याच वेळी जमिनीच्या नोंदी अद्ययावत करण्याचं कामही चालतं. वारस नोंद राहिली असेल तर तेव्हा तरी अर्ज द्याच, पण तोवर थांबू नका. तलाठी कार्यालयात अर्ज दिला की पोच घ्यायची.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला सातबारा आणायचा, माहेरचाही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांना मिळतो. मोबाइलवर जमत नसेल तर गटातल्या शिकणाऱ्या मुलींना हाताशी धरा. नावं आणि “इतर हक्क” हा रकाना आपण एकत्र बसून वाचू.