कोड नाही, तर दिवा लागला कशाला?

'मॅडम, स्कॅनरला कोडच येत नाही. म्हणजे गाडीत काही नाही.' अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरनं हे वाक्य मला प्रत्येक खेपेला ऐकवलं. काही नाही म्हणत म्हणत त्यांनी थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग बदलले, मग एक इग्निशन कॉइल बदलली. बिलं मी भरली. इंजिनचा पिवळा दिवा थोडे दिवस गायब राहायचा आणि खड्ड्यांच्या रस्त्याला लागलं की पुन्हा हजर. शेवटी 'ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, बदलावा लागेल' म्हणाले आणि जो आकडा सांगितला, तो ऐकून मी गाडी तिथून काढली. वर आणि 'सरांना पाठवा, त्यांना नीट समजावतो.' गाडी माझ्या नावावर, चालवते मी, पैसे माझे. सरांना कशाला समजावायचं?

गाडी परत मिळाली की डॅशबोर्डवरचं घड्याळ चुकीचं आणि रेडिओची स्टेशनं पुसलेली असायची. विचारलं की 'होतं असं' एवढंच उत्तर. त्या शेवटच्या खेपेला मी लाउंजमध्ये न बसता गाडीजवळच उभी राहिले. बॉनेट उघडल्या उघडल्या हेल्परनं दहाचा पाना घेतला आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल काढलं. थोड्या वेळानं परत लावलं. आणि त्यानंतर स्कॅनर जोडला! घड्याळाचं कोडं तिथंच सुटलं. बॅटरी काढली की अनेक गाड्यांत साठलेले कोड पुसले जातात. फॉल्ट नोंदला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान, म्हणजे फ्रीझ फ्रेम, तीही जाते. पुरावा यांनीच पुसायचा आणि पुरावा नाही म्हणून मलाच सांगायचं. मी जाब विचारला तर ॲडव्हायझर संगणकाकडे बघत म्हणाला, 'ही आमची प्रोसिजर आहे.' जॉब कार्डवर मात्र टर्मिनल काढल्याचा एक शब्द नव्हता.

पुढे दिवा लागला तसा मी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनना फोन केला. 'ताई, अशीच घेऊन या. टर्मिनलला कुणाला हात लावू देऊ नका,' त्यांनी आधीच बजावलं. स्कॅनर लावताच कोड आला: पी ०१३५, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. तरी त्यांनी लगेच सेन्सर बदलायला सांगितलं नाही. मीटरनं हीटरचा रेझिस्टन्स मोजला, तो बरोबर निघाला. मग वायरिंग हलवून तपासत गेले. ब्रॅकेटला घासून एक वायर आतून तुटत आली होती. धक्का बसला की सुटायची, पुन्हा टेकायची. तेवढी जोडली, स्लीव्ह चढवली, क्लिपनं बांधली. त्यांनी घेतलेले पैसे त्या कॉइलच्या किमतीच्या जवळपासही नव्हते. तेव्हापासून दिवा नाही.

आता तुमच्यासाठी. दिवा लागला की लगेच गाडी बाजूला घेऊन फोटो काढा. किलोमीटर, वेग, इंजिन गार होतं की गरम, रस्ता कसा होता, हे लिहून ठेवा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी पुढे रेटू नका. मिसफायरमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो.

गाडी देताना जॉब कार्डवर 'स्कॅन होईपर्यंत बॅटरी काढू नये' असं लिहून घ्या आणि स्कॅन समोर करायला लावा. टाळाटाळ केली तर गाडी तिथं ठेवू नका.

'कोड नाही' म्हणाले तर पेंडिंग कोड पाहिले का, ते विचारा. बरेच फॉल्ट पहिल्यांदा पेंडिंग म्हणून नोंदले जातात आणि सलग दुसऱ्या ड्राइव्ह सायकलमध्ये दिसले तरच दिवा लागतो. पुढे तीन सायकली फॉल्ट दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, पण कोड त्यानंतरही साधारण ४० वॉर्म-अप सायकली मेमरीत राहतो. म्हणजे कालपरवा दिवा लागला होता आणि आज मेमरी कोरी असेल, तर ती बहुधा कुणीतरी पुसली आहे. याची खूण स्कॅनरवरच सापडते: 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे गाडीनं स्वतःच घ्यायच्या चाचण्या, अपूर्ण दिसतात आणि कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, तो आकडाही बऱ्याच गाड्यांत मिळतो. तो पडदा मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

दिवा जळतोय, पण ईसीएम दिवा लावायला सांगतच नाही असं स्कॅनर दाखवत असेल, तर दोष मीटर क्लस्टरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये शोधा. स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरला कंपनीचे खास कोड अनेकदा वाचता येत नाहीत. त्यावर विसंबून गाडी निर्दोष ठरवू नका. बॉडी अर्थ आणि चार्जिंग तपासून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत.

बिलं जपा. बदललेला जुना भाग परत मागा. मनात शंका असेल तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला शुल्कही लागत नाही. माझी तक्रार तयार आहे. त्या प्लगचे आणि कॉइलचे पैसे मी सोडणार नाही.