पॉवर स्प्रे रेस देताच का दबतो?

नांदेड-लातूर भागात सोयाबीनवर फवारणीसाठी पावसाची उघडीप फार मिळत नाही. नेमक्या अशा वेळी पाठीवरचा पेट्रोल पंप मंद गतीवर नीट चालतो, पण रेस देताच घुटमळतो. हवेचा झोत कमी पडतो, थेंब मोठे होतात आणि औषध झाडाच्या आतल्या पानांवर पोचत नाही. अशा पंपाने फवारणी रेटू नये.

औषधाची टाकी रिकामी करून इंजिन गरम होऊ द्यावे. नंतर चोक थोडा लावून रेस द्यावी. गती घेतली, तर पेट्रोल कमी पोचते आहे असे समजावे. पेट्रोल टाकीचे झाकण जरा सैल करून पाहावे. झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल तर एवढ्यानेच फरक पडतो. अन्यथा इंजिन थंड झाल्यावर गाळणी, नळी व कार्बोरेटरचे जेट साफ करावे. जेटमध्ये तार मुळीच घालू नये, छिद्र मोठे होते.

चोक लावताच इंजिन आणखी दबले आणि प्लग ओला, काळा निघाला, तर प्रथम एअर फिल्टर पाहावा.

आमच्या पाहण्यात बरेच पंप मागील हंगामाच्या शिळ्या पेट्रोलने अडतात. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ओल शोषते. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलही माहितीपुस्तिकेतील प्रमाणातच मिसळावे. "थोडे जास्तच बरे" म्हणून ओतलेले ऑइल प्लगवर काजळी धरते.